शलाकाची आठी

शलाका मणेरीकरच्या कपाळावर एक आठी होती. दोन भुवयांच्या मधोमध, उभी, जराशी डावीकडे झुकलेली. ती तिच्याबरोबरच जन्माला आली, असं तिच्या आईचं म्हणणं. बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि त्यातली एक म्हणाली, "अगं बाई, हिला आपलं येणं पसंत दिसत नाही!" तेव्हापासून माई लेकीला आठीबाई म्हणू लागल्या.

आठी रागाची नव्हती. शलाकाचा राग कपाळावर न येता पोळपाटावर निघायचा. आठी यायची ती लक्ष लागलं की. सुईत दोरा ओवताना, कुणाचं गाऱ्हाणं ऐकताना आणि नवरा हेरंब विनोद सांगत असला की त्यातला विनोद शोधताना.

पन्नाशीपर्यंत या आठीनं कुणाचं काही बिघडवलं नाही. मग सांगलीतल्या ज्या सहकारी बँकेत शलाका काउंटरवर बसायची, तिथं छताला चेहरावाचक बसला.

त्याआधी ग्राहकाला तक्रार करायची तर त्यासाठी वही होती. वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन होतं आणि पेनमध्ये शाई नव्हती, त्यामुळे बँकेचा कारभार उत्तम चालला होता. आता यंत्र कर्मचाऱ्यांचे चेहरे दिवसभर वाचू लागलं. संध्याकाळी शलाकाच्या नावापुढे रोज एकच शेरा यायचा : नाराज.

"मॅडम, तुम्ही नाराज आहात का?" मॅनेजर करंबेळकरांनी विचारलं.

"नाही हो, बेरीज करत होते."

"मशीन म्हणतंय, नाराज आहात."

"मग कुणावर, तेही मशीनलाच विचारा."

करंबेळकर सरळ माणूस. त्यांनी खरंच विचारलं. मशीन म्हणालं, "मॅनेजरवर." तिथून प्रकरण चिघळलं. शलाकाला काउंटरवरून उचलून तळघरात लॉकरच्या किल्ल्यांपाशी बसवायची भाषा सुरू झाली.

या यंत्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. फोटोवरून माणूस ओळखणं तोवर निकालात निघालं होतं, कारण फोटो, आवाज, हलतंबोलतं चित्र, काहीही बनवता येऊ लागलं होतं. भामटे मुलाचं तोंड लावून आईला फोन करत आणि आई पैसे धाडून वर "जेवलास का?" असंही विचारी. तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. आपल्या चेहऱ्यात चाळिसावर स्नायू आहेत. बोलताना, हसताना ते एकदम हलत नाहीत. आधी कुठला हलतो, मग कुठला, उजवा किती ओढतो, डावा किती मागं रेंगाळतो, हा क्रम प्रत्येकाचा निराळा. जिन्यात पावलं वाजली की आपण न बघता म्हणतो ना, "हे आले"? तसंच हे. पायांना चाल असते तशी चेहऱ्यालाही असते. रूप चोरता येतं, चाल चोरता येत नाही. ती इतकी बारीक असते की ज्याची त्यालाही माहीत नसते. या चालीवरून यंत्र दोन गोष्टी सांगू शके : माणूस कोण आहे आणि त्याला काय वाटतंय. पहिली बहुधा बरोबर असे. दुसरी बँकेत वापरत.

पहिली माईंच्या नाकावर होती.

माई शलाकाच्याच इमारतीत, एक मजला खाली राहत. त्यांची स्मृती हळूहळू उसवत चालली होती. आधी नावं गेली, मग चेहरे. मध्यंतरी एका भामट्यानं शलाकाचं तोंड लावून त्यांना फोन केला आणि पाटल्या उतरवून ठेवायला लावल्या. कौसल्याबाई, दिवसभर माईंपाशी असणाऱ्या, वेळेवर भाजी घेऊन परतल्या म्हणून पाटल्या वाचल्या. दुसऱ्याच दिवशी शलाकानं 'सोबती' चष्मा आणला. समोर माणूस आलं की चष्मा त्याच्या चेहऱ्याची चाल वाचायचा आणि माईंच्या कानात सांगायचा, "शलाका. तुमची मुलगी." माई त्या आवाजाला 'कानातला' म्हणत.

शलाकानं त्यांचे हात हातात घेऊन पुन्हा पुन्हा घोकून घेतलं होतं. "माई, कानातला सांगेल तेच खरं. उद्या मी समोर उभी राहून सांगितलं की मी शलाका, आणि कानातला नाही म्हणाला, तर?"

"तर तू भामटी."

"शाब्बास."

माई पुष्कळ काही विसरल्या. हे विसरल्या नाहीत.

*

तळघर टाळायचं तर आठी घालवायला हवी होती. विश्रामबागेत डॉ. ईशानी वाळिंबे यांचं क्लिनिक होतं. तिथं वर्षभर टिकणारं नवं इंजेक्शन मिळायचं.

"मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून येतो," डॉक्टरांनी आरसा दाखवत समजावलं, "पण तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये बारीकशी फट असते. ती ओलांडायला तंतूच्या टोकाला एक रसायन सोडावं लागतं. टपालखात्याची खिडकी समजा. आमचं औषध ती खिडकी बंद करतं. पत्र येतं, पण बाहेर पडत नाही. स्नायू आपला निवांत. पूर्वी तीन-चार महिन्यांत खिडकी पुन्हा उघडायची. हे नवं औषध वर्षभर उघडू देत नाही."

"आणि बिघडलं तर?"

"उतारा नाही. वाट बघायची. पण बिघडत नाही हो! फक्त आज वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही आणि कपाळाला हात लावायचा नाही. औषध पहिले काही तास ओलं असतं, चोळलं की शेजारच्या स्नायूत शिरतं."

शलाकानं सूचना तंतोतंत पाळली. कपाळाला तिनं स्वतःचा हात दिवसभरात एकदाही लावला नाही.

पण ती तारीख निवडताना तिनं बँकेची सुट्टी पाहिली होती. सुट्टी कशाची, हे पाहिलं नव्हतं. संध्याकाळी माईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि अख्ख्या कॉलनीतल्या बायका. प्रत्येकीनं शलाकाच्या दोन भुवयांच्या मधोमध, जिथं सकाळी सुई गेली होती बरोबर तिथं, अनामिकेनं हळद टेकवली, कुंकू टेकवलं. थोरल्या बायकांना ती वाकून नमस्कार करत गेली. 'नको' म्हणायचं तिच्या मनात आलंही, पण चैत्रात हळदीकुंकवाला नको म्हणणारी बाई सांगलीत अजून जन्मायची आहे.

शेवटी माई. शलाकाचे वडील अण्णा गेल्यावर नातेवाइकांनी कुंकवाच्या करंड्याकडे सहानुभूतीनं पाहिलं होतं, तेव्हा माई म्हणाल्या होत्या, "करंडा माझ्या माहेरचा आहे," आणि तो विषय तिथंच संपला होता. माई कुंकू लावत नसत, ठसवत. तेही अंगठ्यानं. शलाका जरा मागं सरली तशी त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "हलू नको!" आणि घसरलेलं कुंकू पुसून, अंगठा दाबून, पुन्हा नीट ठसवलं.

चार दिवसांनी औषध चढलं. आठी गेली. तिच्याबरोबर उजवी पापणी अर्धी खाली आली आणि डाव्या भुवईचं टोक छपराकडे निघालं. शलाका आता सदैव अशी दिसू लागली, की कुणीतरी तिला भावकीतली भानगड सांगतंय, उजव्या बाजूला झोप आली आहे आणि डाव्या बाजूचा विश्वास बसत नाही.

हेरंबनं बराच वेळ निरखून पाहिलं. "वाईट नाही," तो म्हणाला. "डावीकडून बघितलं तर तू कुणीतरी मोठी बाई वाटतेस."

"आणि उजवीकडून?"

"उजवीकडून जेवण झालेली मोठी बाई."

शलाका हसली. निम्मी.

त्या संध्याकाळी ती आमटीचा डबा घेऊन खाली गेली आणि दाराबाहेरून म्हणाली, "मी शलाका." माईंनी दार उघडलं, मान तिरकी करून कानातल्याचं ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी ओढून काढावं तसं नाहीसं झालं. कानातला इतक्या मोठ्यानं बोलत होता की शलाकालाही ऐकू आलं. "सावधान. ही व्यक्ती शलाका असल्याचा बहाणा करत आहे. दार लावून घ्या."

"माई, अगं मीच आहे. आमटी आणलीय."

"कौसल्या! भामटी आलीय गं! आमटीत काहीतरी घातलंय!"

"माई, बघ ना माझ्याकडे..."

"माझ्या लेकीनं सांगितलंय मला," माई दार लावता लावता म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती होती, तसा अभिमानही होता. "समोर येऊन सांगेल मी शलाका, तरी ऐकायचं नाही म्हणून. हुशार आहे माझी लेक."

*

बँकेत काहीच अडचण आली नाही. छतावरच्या यंत्रानं तिला ओळखलं नाही, तेव्हा करंबेळकर म्हणाले, "आमच्याच मॅडम आहेत," आणि यंत्रानं नवी चाल नोंदून घेतली. शेरा आला : समाधानी. ग्राहकांनाही ती आवडू लागली. आपल्या अडचणीवर डावी भुवई इतकी उंच करणारं बँकेत दुसरं कुणी नव्हतं.

घरी 'हो' म्हणायला आई लागत होती.

"चाल बदलली असेल तर चष्म्याच्या मालकांनी आपल्याला प्रत्यक्ष ओळखून तसं तोंडी सांगायचं," सोबतीच्या मदतकेंद्रातला मुलगा फोनवर म्हणाला.

"अहो, त्यांना ओळखता येत नाही म्हणूनच चष्मा घेतलाय."

"बरोबर आहे, मॅडम."

"मग त्या कशा ओळखतील?"

"चष्म्यानं, मॅडम."

शलाकानं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. तिला रडायचं होतं की ओरडायचं, हे फोनलाही कळलं नसतं. तिच्या चेहऱ्यावरून कुणालाच कळत नव्हतं.

मग तिनं जे जे सुचेल ते केलं. डॉक्टरांनी दिलेले थेंब घातले. पापणी तासदोन तास उचलायची आणि पुन्हा शटर खाली. भुवईला चिकटपट्टी लावून ती खाली गेली, तर कानातला म्हणाला, "मुखवटा आढळला." चष्मा काढून ठेवायला लावला, तेव्हा माईंना कौसल्याबाईही अनोळखी झाल्या आणि माई भिंतीला पाठ लावून, पदर तोंडात धरून, दोघींकडे पाहत राहिल्या. ते शलाकानं पुन्हा केलं नाही.

"भुवई खाली आणून देते मी," डॉ. वाळिंबे म्हणाल्या. "डावीकडे थोडं औषध. अगदी सारखी दिसाल."

"मग आई ओळखेल?"

"चष्म्याला सारखा चेहरा नकोय. तुमचा हवाय. तो माझ्याकडे नाही." मग म्हणाल्या, "आईंची आठवण वर्षभर राहील, असं त्यांचे डॉक्टर म्हणतात?"

"नाही म्हणत."

शलाका जिन्यात बसू लागली. माईंच्या दाराबाहेर, खालच्या पायरीवर. आतून माईंचा आवाज यायचा. "शलाका आली नाही गं आज?" कौसल्याबाई म्हणायच्या, "येतील." "रोज म्हणतेस येतील. ती भामटी येते तेवढी रोज. तिला बरा वेळ मिळतो." शलाका डबा मांडीवर घेऊन बसलेली असायची. डबा आत जायचा, ती नाही. जिन्यातून जाणारे-येणारे तिची विचारपूस करायचे आणि तिची डावी भुवई पाहून, आपण काही चुकीचं बोललो का, म्हणून काढता पाय घ्यायचे.

एक दिवस दार अचानक उघडलं. माई चपला घालून बाहेर पडायच्या बेतात होत्या. लेकीला शोधायला. पायरीवर बसलेली बाई पाहून त्या थबकल्या. शलाकानं तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्यांदाच ती काही बोलली नाही. मी शलाका, असं म्हणाली नाही. बहाणाच नव्हता, त्यामुळे कानातला म्हणाला, "अनोळखी व्यक्ती. ओळख करून घ्यायची का?"

"कोण हो तुम्ही?" माईंनी विचारलं.

तोंडाला जे पहिलं नाव आलं ते शलाकानं सांगितलं. ते तिच्या नणंदेचं होतं. नणंदेशी ती गेली कित्येक वर्षं धड बोललेली नव्हती; पण वेळेला माहेरचं कुणी उपयोगी पडत नाही.

"शोभना. वरच्या मजल्यावर नवीन आलेय."

"मग जिन्यात काय बसलात? या आत. चहा घेता?"

कानातल्यानं नवी चाल नोंदून घेतली. "शोभना. शेजारीण."

*

अशा रीतीनं शलाका आपल्या आईच्या घरी चहाला जाऊ लागली. कौसल्याबाईंनी पहिल्या दिवशी तिच्याकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं आणि चहात साखर घातली. पुढं त्याही तिला शोभनाताई म्हणू लागल्या.

माई शोभनाला अहो-जाहो करत. लेकीला जे कधी सांगितलं नव्हतं ते शेजारणीला सांगत.

"माझी लेक मोठी गुणाची. पण तिच्याशी बोलायची सोय नाही. काही सांगायला जावं तर अशी कपाळाला आठी घालते, की वाटतं, नको बाई, हिला कामं असतील."

"ती आठी रागाची नसेल हो माई. ऐकत असेल ती."

"तुम्हाला काय माहीत?"

"नाही... असतात काहींना तशा."

"तुमच्या कपाळाला नाही बघा एकही. बोलायला बरं वाटतं."



दिवाळीत माईंनी शोभनासाठी अनारसे राखून ठेवले आणि कौसल्याबाईंना बजावलं, "शलाकाला सांगू नको, तिला खोकला आहे." शलाकाला तो खोकला शाळेत असताना झाला होता. संक्रांतीला माई म्हणाल्या, "शलाकाची वेणी घालायची राहिली आज." शलाका मोठी होत होत बँकेपर्यंत पोचली होती, माईंच्या डोक्यात ती आता उलटी चालत घराकडे निघाली होती.

फाल्गुन आला. एका सकाळी आरशात पाहताना शलाकाला दोन भुवयांच्या मध्ये काहीतरी हललेलं दिसलं. खिडक्या उघडत होत्या. तिनं हेरंबला हाक मारली. "बघ, बघ! विनोद सांग एखादा!"

हेरंबनं सांगितला. आठी पडली. उभी, जराशी डावीकडे झुकलेली. हेरंबच्या विनोदांना इतका मोठा सन्मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. शलाकानं रडून घेतलं, दोन्ही डोळ्यांनी.

पंधरवडा तिनं तापाचं निमित्त करून खाली जाणं टाळलं. पापणी वर आली, भुवई खाली आली. मग ती धुवट साडी नेसून, जिना उतरून, माईंसमोर उभी राहिली. कानातला एखादी हरवलेली वस्तू सापडावी अशा सुरात म्हणाला, "शलाका. तुमची मुलगी."

माईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही?" त्या म्हणाल्या. "हिचे केस पांढरे झालेत! माझी शलाका शाळेत गेलीय."

"माई..."

"कानातल्या, तुझंही वय झालं रे." माई दाराकडे पाहू लागल्या. "कौसल्या, शोभना का येत नाही गं? बरं नाही का तिला? जाऊन बघून ये ना वर. तिच्यावाचून करमत नाही."

शलाका वर आली. तिला एक वर्ष हवा होता तो चेहरा आता तिच्यापाशी होता, आणि त्या चेहऱ्याची जिला गरज होती ती बाई निघून गेली होती. राहिली होती ती शोभनाची मैत्रीण.

"वाकडं करून द्या," तिनं डॉ. वाळिंबेंना सांगितलं.

"काय?"

"मागच्यासारखं. उजवी पापणी खाली, डावी भुवई वर."

"मणेरीकर मॅडम, माझ्याकडे लोक ते सरळ करायला येतात. मुद्दाम वाकडं मी कसं करणार? मला जमणारही नाही."

"तुम्ही फक्त टोचा. वाकडं कुठं होतं ते मला माहीत आहे."

डॉक्टरांनी सुई भरली. औषध गेल्यावर त्या नेहमीच्या सूचना सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "चढायला तीन-चार दिवस लागतील," एवढंच म्हणाल्या.

शलाका तडक माईंकडे गेली. चैत्र होता. गौर बसली होती, पण बायकांना बोलवायचं माईंच्या लक्षात राहिलं नव्हतं. पन्हं तेवढं कौसल्याबाईंनी केलेलं होतं.

"शलाका. तुमची मुलगी," कानातला म्हणाला.

माईंनी तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. आपण कोण, हे सांगायला शलाकापाशी त्या घडीला एकही नाव नव्हतं. शोभना चढायला अजून तीन-चार दिवस होते. ती गौरीला नमस्कार करून वळली.

"अहो, थांबा," माई म्हणाल्या. "कोण का असेनात. चैत्रात आलेली बाई कोऱ्या कपाळानं जायची नाही माझ्या घरातून. बसा."

त्यांनी करंडा उघडला. अंगठा कुंकवात बुडाला आणि शलाकाच्या दोन भुवयांच्या मध्ये येऊन टेकला. इथंच, शलाकाच्या मनात आलं, इथंच दाबा. तिनं सगळं लक्ष त्या अंगठ्याकडे लावलं आणि लक्ष लागलं की जे व्हायचं तेच झालं. अंगठ्याखाली आठी पडली.

माईंनी टपली मारली. "हलू नको!"

अंगठा मात्र उचलला गेला नाही. तो त्या रेषेवरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. माई पाहत नव्हत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"शलाका," कानातला म्हणाला. "तुमची..."

"तू गप रे," माई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या हातानं चष्मा काढून गौरीपुढं ठेवला. "आठीबाई, किती उशीर गं? कधीची वाट बघतेय. डबा खाल्लास का?"

"खाल्ला, माई."

"सगळा?"

"सगळा."

अंगठा अजून कपाळावर होता आणि त्याच्याखाली औषध ओलं होतं. शलाकानं तो हळूच बाजूला केला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मग एक हात सोडवून बँकेत फोन लावला आणि करंबेळकरांकडे आठी असेपर्यंतची, म्हणजे तीन-चार दिवसांची, रजा मागितली.

"तीन की चार, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"ते अजून कळायचंय," शलाका म्हणाली.